दोनशे बारा शेअर

घर पाहावं बांधून, म्हणतात.
मी पाहिलं
तळघरात, बॉयलरशेजारी,
घडीच्या खुर्चीवर बसून
तीन माणसांना उत्तरं देऊन.

मिसेस कीनननं चष्मा पुसला.
शफीकुलसाहेबांपुढे माझी कागदांची चळत:
एकोणीस वर्षांच्या पगाराच्या पावत्या,
इस्पितळाची धुलाई, रात्रपाळी,
बँकेचे उतारे, आणि सुपरवायझरचं पत्र,
ज्यात त्यानं माझं नाव दोन प्रकारे लिहिलंय.
तिसरी बाई, छोएकी, काहीच विचारत नव्हती.
माझे हात बघत होती.

कुत्रा? नाही.
पियानो?
हसू आलं, दाबलं. नाही.
कर्ज? पै-पैशासकट समोरच आहे.
आणि सोबत कोण राहणार?

वकिलानं पढवलं होतं, थोडक्यात बोल.
कोणी नाही, म्हणाले.
तिथंच थांबायचं होतं. थांबले नाही.

अझोगेसला आम्ही चार बहिणी एका गादीवर.
इथं आल्यावर जंक्शन बुलेव्हार्डला
चुलतभावाच्या सोफ्यावर, पडद्याआड.
मग एका तळघरात दोघींत एक पलंग,
तिची दिवसपाळी, माझी रात्रपाळी,
गादी कधी थंड होत नसे.

बॉयलर धडधडला.
कोणी काही लिहून घेतलं नाही.

नवव्या दिवशी पत्र आलं. होकार.

सही करताना कळलं, भिंती माझ्या नाहीत.
वकील म्हणाला, तुम्ही कंपनीचे शेअर घेताय,
दोनशे बारा.
मग विटा कुणाच्या?
सगळ्यांच्या.
छप्पर?
सगळ्यांचं. गळलं तरी सगळ्यांचंच.

तेव्हापासून मी माझे दोनशे बारा शोधते आहे.
एखादा लिफ्टमध्ये असेल,
जी तिसऱ्या मजल्यावर उगाच थांबते,
जशी काही आठवायला.
एखादा त्या सूचनेत,
सिंकमध्ये तेल ओतू नका,
पाच भाषांत,
आणि प्रत्येक भाषेत एकेक चूक.
स्पॅनिशमधली मी पेननं दुरुस्त केली.
दुसऱ्या दिवशी बंगालीतलीही कुणीतरी केली होती.
बाकी तीन अजून तशाच आहेत, वाट बघत.

घर विकलं ते आउअरबाख आजोबांनी.
जाताना एक शिडी ठेवून गेले
आणि बरणीभर स्क्रू, कशाचे ते त्यांनाही माहीत नव्हतं.
म्हणाले, सहा दहाचं विमान डोक्यावरून जातं,
काचा थरथरतात, म्हणून एवढं स्वस्त.
मला वाटलं, आता म्हणतील, सवय होईल.
ते म्हणाले,
मला एक्केचाळीस वर्षांत झाली नाही.
आणि किल्ली दोनदा मोजल्यासारखी
माझ्या तळहातावर ठेवली.

पहिल्या रात्री सुट्टी घेतली होती.
गादी आली नव्हती.
मी बाहेरच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून,
कोट पांघरून झोपले,
दिवाणखान्यात झोपायची अंगाला खोड.
आतल्या खोलीचं दार बंद.
तिच्यात काही नव्हतं,
एक खिडकी, एक हीटर,
आणि जिथं त्यांचं कपाट होतं तिथं
भिंतीचा जरा जुना, गडद रंग.

शेजारी कुणीतरी मसूर फोडणीला टाकली.
वर कुणीतरी खुर्ची ओढली.
माझ्या शेअरांपैकी असावेत दोन-चार.

दुसरी रात्र. तिसरी.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी घडी केल्या,
कोपऱ्याला कोपरा जुळवून, हजारो,
पण स्वतःसाठी विकत घ्यायची तर
दुकानात मापच आठवेना.

चौथ्या सकाळी कामावरून आले.
सहा दहाचं गेलं, काचा बोलल्या.
बूट काढले. चादर काखेत.
आतल्या दाराशी गेले
आणि हात आपोआप वर गेला,
टकटक.

कुणी ओ दिली नाही.
थोडं थांबले, रीत म्हणून.
मग आत गेले.