ठसका

शनिवारी दुपारी मिरचीच्या पथारीवर गेलो.
नंदुरबारबाहेर, नजर जाईल तिथवर लाल,
आणि वारा आपल्याकडे वळला की बोलणंच बंद.
वायरमनच्या वर्गाला चौदा पोरं हवी होती,
नऊ इथेच सापडली, देठ खुडताना.
दोन ऊसतोडीला गेलेली, बार्डोलीकडे.
उरलेल्या तिघांचं कुणालाच सांगता येईना.
मी वहीत लिहिलं : संपर्क सुरू.
पंधरा वर्षं हेच दोन शब्द लिहितोय.

झुंबर मालचेने मान वर केली नाही.
"सर, हाई किलोवर पैसा देस.
तुमना वर्ग काय देस?"
सर्टिफिकेट, असं म्हणणार होतो,
पण तोंडात आलेला शब्द फारच पातळ वाटला.
बसलो शेजारी. हात रिकामे कशाला,
म्हणून मीही देठ खुडू लागलो.
तासाभराने तो म्हणाला, "सोमवारले येसू."
येईन म्हणतो तो, अहिराणीत.
माझ्या कानाला मात्र दुसरंच काही ऐकायची सवय.
ऑफिसात ते ऐकायचं नाही, असा माझाच नियम.
खिशाला लावलेला छोटा क्रूस
मी विसरवाडीच्या फाट्यावरच काढतो,
पाकिटात, बसच्या पासामागे ठेवतो.
पोरांनी जेवणासाठी काही मानावं लागेल
असं त्यांना एक क्षणही वाटू नये.

रात्री संदेशाचे तीन मुद्दे काढायला बसलो.
दुसऱ्यावर झोप लागली.

रविवारी प्रभुभोजन. पत्र्याचं देऊळ,
डिसेंबर असूनही पत्रा तापलेला.
भाकर मोडली, आणि सवयीने
एका बोटाने डोळा पुसला.
मग काही दिसेना.
"हे माझे शरीर" म्हणताना आवाज फाटला,
पाणी गालावरून थेट कॉलरीत.
पुढच्या रांगेत महिला मंडळ रडू लागलं,
पेटीवाल्या आशेरने सूर धरून ठेवला,
आणि मागच्या बाकावर ज्यांचा माझ्यावर राग आहे
तेही उभे राहिले.

राग खरा आहे. एस्तेरबाई गुरुवारी गेल्या,
तीनदा माझं नाव घेऊन.
मी तेव्हा कलेक्टर कचेरीत होतो,
पोरांच्या भत्त्याची फाइल
एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना बघत.
फोन सायलेंटवर.
यिर्मयाकाकांनी मातीजवळ एवढंच म्हटलं :
"पाळकसाहेब, मेंढपाळ पगारी असला तरी चालेल,
पण दुसऱ्याकडचा पगारी नको."
उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.
मंडळीचा पेटीतला पैसा
माझ्या मुलीच्या फीला पुरत नाही,
हे उत्तर नव्हे, हिशेब आहे.
आणि पगार दुप्पट केला त्यांनी उद्या
तरी पथारीवर मी जाईनच,
हे त्यांना सांगायचं धाडस
मला कुठल्याच उपासनेत झालं नाही.

उपासना सुटल्यावर काकांनी माझे हात धरले.
"आज आत्मा उतरला," म्हणाले. त्यांचेही डोळे ओले.
मिरची होती काका, असं म्हणायला हवं होतं.
म्हटलं नाही.
संध्याकाळपर्यंत ते आठवून मला
कधी हसू येत होतं, कधी लाज.
काकांनी ज्या हाताने माझे हात धरले
त्याच हाताने त्यांनीही डोळे पुसले होते ना?
हे लक्षात आलं तेव्हा जेवण राहिलं.

अबीगेलने माझी बोटं नाकाशी नेली.
"साबणाने काय होतंय? आधी तेल लावायचं."
आणि एकेक बोट चोळून दिलं,
नखांच्या खाचेपर्यंत, गोडं तेल,
काही न बोलता,
रागावलेली होती तरी.

सोमवारी हजेरी.
पाच बाकांवर सहा पोरं.
"मालचे, झुंबर."
उत्तर नाही.
पुन्हा हाक मारली नाही.
पेन गैरहजेरीच्या खान्यावर टेकवलं,
एवढ्यात बाहेर, चपला काढतात तिथे,
कुणीतरी ठसकलं.