वारा होता

जॉर्डन व्हॅलीच्या पुढे डांबर संपतं,
मग अकरा मैल नुसती धूळ.
बर्फ अजून डोंगराच्या खांद्यावर
आणि खाली हार्लनचा लसूणघास, वीतभर वाढलेला,
मधे मधे टक्कल पडलेला.

"आलात, बरं झालं," हार्लन म्हणाला.
"गेल्या साली कापणीयंत्राची दोन पाती मोडली त्यांच्या ढिगाऱ्यांवर.
आणि ती तांबडी घोडी..."
वाक्य त्याने तिथेच सोडलं.
बिळात पाय गेला होता तिचा, एवढं आम्हांला ठाऊक होतं.

एकतीस एप्रिल रॉयसकडे रायफल
आणि माझ्याकडे दुर्बीण.
"पाइपाच्या डावीकडे. नव्वद पावलं. उभी आहे."
मग टप्प. बावीसच्या रायफलीचा बारका आवाज,
शेजारच्या खोलीत कुणी कपाट लावून घ्यावं तसा.

यंदा त्याने पिकअपच्या हौद्यातून दोन स्टुलं काढली,
रायफल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.
दुर्बीण स्वतःच्या गळ्यात घातली.
बोलला काहीच नाही.
त्याचा उजवा हात हिवाळ्यापासून
त्याचं ऐकत नाही.

भुईखारी बिळाच्या तोंडाशी उभ्या राहतात
पुढचे पाय छातीशी धरून,
दारात पाहुण्यांची वाट बघणाऱ्या बायकांसारख्या.
एक शीळ घालते, सगळं शेत बुडी मारतं.
मग एक नाक. मग दुसरं.
भूक भीतीच्या आधी वर येते.

"श्वास सोड, माइते, आणि मग दाब."
पहिली चुकली. "वारा होता," रॉयस म्हणाला.
दुसरी चुकली. "वारा."
लसूणघासाचं एक पान हलत नव्हतं.

तिसरी लागली.
दुपारपर्यंत हात बसला माझा.
आवडायला लागलं, हेही सांगून टाकते.

एक मेलेली उन्हात पडून होती, पोट पांढुरकं.
दुसरी आली, तिला मानेला धरून
बिळाकडे ओढू लागली.
रॉयस दुर्बिणीतून बघतच राहिला.
इतकी वर्षं तो पुढच्या नेमाकडे वळायचा,
मागचं बघायची ती मी.
"घरी नेतेय बघ तिला," तो म्हणाला.

खायला नेते.
मी काडतुसं भरत राहिले.

थर्मासमधून ओतताना कॉफी त्याच्या गुडघ्यावर सांडली,
बुटावर, गवतावर.
"वारा," मी म्हणाले.
तो हसला, पण माझ्याकडे न बघता.

परत निघेपर्यंत ससाणे उतरले होते,
कुंपणाच्या खांबाखांबावर एकेक.
हार्लनच्या बायकोने डझनभर अंडी दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून.
गाडी मी घेतली.
रॉयसने समोरची झडप खाली केली, जिथे पेन्सिलीने
दर वर्षीचा आकडा लिहिलेला असतो,
आणि खड्ड्यांतून जाताना यंदाचा लिहिला.

एकेचाळीस असेल किंवा सत्तेचाळीस.
मोजत मीही होते.
पण विचारलं नाही,
आणि अंडी सांभाळत गाडी हळूच चालवली.