पॅरिसचे सूर, दुरुस्तीला

योसेफ उजगरे यांची पेटी
पंचहौदाकडून रिक्षात बसून आली.
गांधार चढलेला, भाता फुसका.
वरची फळी काढली, धूळ फुंकली,
तर सुरांच्या पितळेवर
मुंगीएवढ्या अक्षरांत: पॅरिस.

अण्णा गिऱ्हाइकाला सांगायचे,
"पॅरिसचे सूर आहेत हो, जपा."
मला लहानपणी वाटायचं
पॅरिस ही लाकडाची जात असावी.
साग, शिसव, पॅरिस.

म्हणून मग शेहेचाळिसाव्या वर्षी
एरंडवण्यात संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं.
मंगळवार, शुक्रवार. शटर अर्धं ओढून
पळायचं, नखांत लाखेचा वास घेऊन.
बाकीची पोरं परदेशी निघालेली.
दिनाझ मॅडमनी विचारलं, तुम्ही कशासाठी?
म्हटलं, दुरुस्तीसाठी.

पडद्यावर चित्रं येतात.
काळोखात एक तांब्याचं भांडं,
त्याच्या पोटावर उजेडाचा थेंब;
दोनशे वर्षांत कुणी पुसला नाही.
त्यांनी राजाचं डोकं उडवलं ते साल
मी वहीच्या समासात लिहून घेते,
शेजारी: इकडे सवाई माधवराव.
दोन्ही एकाच सालात मावतात
हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मग एकदा वाद्यांचं संग्रहालय.
काचेमागे पेटी!
आमच्या पेटीची खापरपणजी,
उभी, पायाने भाता मारायची,
अंगावर कोरीव वेल, खाली नंबर.
पोरांनी फोटो काढले.
मी मात्र तिच्या भात्याकडे बघत बसले.
घडीवर घडी, मिटलेला.
किती दिवस झाले असतील
हिने श्वास घेऊन?

एक गोष्ट मला पटकन आली.
बाकीचे वैतागत होते
की शेवटची अक्षरं लिहायची आणि बोलायची नाहीत,
मग लिहायची कशाला?
मला अण्णांचं खातं आठवलं.
नांव. कांहीं. दुरुस्तींत.
टिंबं सगळी जागच्या जागी, आवाज कशालाच नाही.
बासष्ट साली नियम बदलले,
अण्णा बदलले नाहीत.
"अगं, पूर्वी तिथं कुणीतरी होतं," म्हणायचे,
"उठून गेलं म्हणून पाट उचलायचा का?"

लिंगाचं मात्र अजून अडतं.
त्यांच्याकडे दोनच, आमच्याकडे तीन.
आमचं ते मूल, ते पाखरू, ते दुकान
तिकडे नेऊन कुठे बसवायचं?

गेल्या शुक्रवारी भूतकाळ झाला.
मॅडम म्हणाल्या, बहुतेक क्रियापदांना
'जवळ असणं' लावायचं,
पण येणं, जाणं, जन्मणं, मरणं
यांना नुसतं 'असणं'.
म्हणजे गेलेला माणूस
व्याकरणाने 'आहे'च्या घरात राहतो.
मी हे तीनदा लिहिलं.
चौथ्यांदा वहीत अण्णा आले
आणि मॅडमनी, लाल पेनाने,
फक्त एक मात्रा सुधारली.

गांधार काढून भिंगाखाली धरला.
मुळाशी दोन ओरखडे.
एक सरळ, बारीक, तिकडच्या कुणाचा,
त्याने तो त्यांच्या कानासाठी लावलेला.
दुसरा तिरका. ही कानस मी ओळखते,
डाव्या हाताची.
केसभर उतरवलेला, कुणा गवयाच्या गळ्यासाठी.
त्या दोघांच्या मध्ये
तिसरा ओरखडा काढायला
मला पूर्ण दुपार लागली.

उजगरे आले, उभ्या उभ्या वाजवून बघितली.
नाताळचं एक गाणं, मग भैरवीचे चार सूर,
मग, "लागली की हो."
पॅरिसचं मी काही बोलले नाही.
त्यांनी पाकीट काढलं, सुट्टे दिले,
पेटी कडेवरच्या मुलीसारखी उचलली.

पावतीवर नेहमीचं लिहिलं:
बाकी कांही नाहीं.
दोन्ही टिंबं दिली.
त्यांनी न वाचता
घडी घालून खिशात ठेवली.