आत ओढलेला होकार

योएन्सूला डिसेंबरात तीन वाजताच दिवस मिटतो.
तळघरात वुओक्को हिर्वोनेन टेबलापासून वीतभर लांब बसते.
केसाएवढा धक्का, की रात्रभराचं जुळवणं मातीत.

आजवरची यंत्रं तळ्यात-मळ्यात खेळत आली.
आहे, नाही. आहे, नाही.
दमली नाहीत, हेच नवल.
हिचं यंत्र पुढे विचारतं:
आहेस, तर कसा आहेस?

काळोख, शून्य.
उभा थरथरणारा उजेड, एक.
आडवा थरथरणारा, दोन.
आणि मधला तिरका, ज्याला अजून आकडा नाही;
त्याच्यासाठी ती वहीत नुसती तिरपी रेघ ओढते.

तिचे वडील, तावेत्ती, पिएलिसयोकीवर ओंडके निवडायचे.
नदी भरून यायचं लाकूड,
प्रत्येकाच्या टोकाला मालकाच्या हातोडीची खूण,
हातात लांब आकडी, पायाखाली डुलता तराफा
आणि पुढे अकरा वाटा.
म्हातारपणी डॉक्टरनं विचारलं,
दुखतं का? हो की नाही, एवढंच सांगा.
ते खिडकीबाहेर बघत राहिले.
मग म्हणाले, सकाळी पाऊण.

त्यांच्या भाषेत 'नाही' चालवावं लागतं:
एन्, एत्, एइ.
आपल्याकडे नाही, नाहीस, नाहीत, तसंच.
नकार द्यायचा तरी कोण नाही ते सांगून द्यायचा.
होकार मात्र पुष्कळदा श्वास आत घेत म्हणतात,
"योओ",
बाहेर पडण्याआधीच गिळलेला.
समोरच्याला कळतं, ऐकलंय.
पटलंय की काय, ते नंतर.

पहाटे चारला इल्मो ओरडला,
गेलं! दोन्ही किरण सोडलेत आणि पडद्यावर काळोख.
वुओक्को उठली नाही.
म्हणाली, दोघंही आलेत.
इथं एकमेकांत विरलेत,
आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडलेत. तिकडे बघ.

तिकडचा काटा टोकाला टेकला होता.

इल्मो बराच वेळ त्या काळोखाकडे बघत होता,
रिकामं घर समजून दार लोटावं
आणि आत कुणी नुकतंच जेवून उठलेलं असावं, तसा.
वर रस्त्यावर बर्फ ओढणारी गाडी गेली.
टेबल हललं नाही.

मग हे जमलं म्हणायचं, की नाही?

वुओक्कोनं श्वास आत ओढला.
पेनचं टोपण दातांनी काढलं,
आणि एक तिरपी रेघ.