पासंग

सकाळी दारूखान्यात
मुश्ताकचा ट्रक वजनकाट्यावर चढला,
आत कुठल्याशा मोडलेल्या जहाजाची नांगरसाखळी.
चोवीस टन दोनशे तीस.
खिडकीतून ओरडला, मॅडम, मी उतरू?
उतर म्हटलं.
उतरला. आकडा साठने घसरला.
चहाचा ग्लास घेऊन परत चढला,
साठ परत आले.
चहाची नोंद नाही.
दहा-दहा किलोंच्या पायऱ्यांनी चढणारा हा काटा,
त्याला चहा दिसत नाही,
साखळीवर बसलेला कावळा दिसत नाही,
मुश्ताकला रात्रभर आलेली झोपही.
नियमात बसतं. मी मुद्रा मारली.

दुपारी झवेरी बाजार, तिसरा मजला,
एकाच माणसाच्या रुंदीचा जिना.
शोमेन मायतीच्या तराजूला काचेचं घर आहे.
त्याच्यासमोर पंखा बंद, बोलणं बंद,
श्वास बाजूला वळवून सोडायचा.
मखमली पेटीतून मी वजनं काढते, चिमट्यानेच.
बोट लागलं तर घाम भरतो वजनात.
सगळ्यात शेवटचं एक मिलिग्राम:
पत्र्याचा कपटा, एक कोपरा वर दुमडलेला,
चिमट्याला धरता यावा म्हणून.
असे एक अब्ज मांडले की एक टन.
चोवीस टन दोनशे तीसचे किती,
ते मनात करत होते
तेवढ्यात उकाड्याने हैराण झालेल्या पोराने
पंखा लावला.

चौघेजण गुडघ्यांवर.
शोमेनने झारेकऱ्यालाही बोलावलं,
जो रोज संध्याकाळी इथली धूळ झाडून नेतो
आणि धुऊन धुऊन तिच्यातून सोनं काढतो.
तो म्हणाला, बाई, तुमचं काही सोन्याचं असतं
तर सापडलं असतं.

हरवलेल्या एका मिलिग्रामबद्दल अर्ज,
तीन प्रतींत.
पाच-पाच ग्रामचे तीन कागद,
पंधरा हजार मिलिग्राम दिलगिरी.

घरी आण्णा वाट बघत होते.
नाव बारकू, पण मस्जिद बंदरात
खंड्यांनी धान्य मोजलं त्यांनी.
एक म्हणत नसत, पहिल्या मापाला लाभ म्हणत,
मग दोन, मग तीन.
आज काय हरवलंस? चेहरा बघूनच विचारलं.
मी सांगितलं.
गुंजेचा कितवा हिस्सा?
सव्वाशेवा धरा.
ते हसले. बोटांच्या पेरांवर मोजत गेले:
वीस मणांची खंडी, चाळीस शेरांचा मण,
शेराचे ऐंशी तोळे, तोळ्याचे बारा मासे,
माशाच्या आठ गुंजा.
एकसष्ट लाख चव्वेचाळीस हजार, ते म्हणाले,
एका खंडीत. आणि तू
एका गुंजेच्या सव्वाशेव्यासाठी रडतेस.

मग बराच वेळ गप्प.
भाजीच्या फोडणीचा वास आला, गेला.

चिंच, ते म्हणाले.
काय चिंच?
पारड्याच्या बुडाला चिकटवायची. चिंचोक्याएवढी.
शेठ स्वतः लावायचा, पण सकाळी तो नसला
की मीच.
वरून दिसायची नाही.
अकरा वर्षं. दिवसाला तीनशे मापं,
सणासुदीला चारशे.
दिवाळीचे चार दिवस आणि तुझी आई गेली तेव्हाचे तेरा
सोडून दे.

मी म्हटलं, आण्णा, आता काय त्याचं.
म्हणाले, कर की हिशोब. सरकारने शिकवलंय तुला.
ग्रामात कर, मग टनात ने.
मला टन कळतो आता.

अर्जाची एक प्रत उरली होती, पाठकोरी.
मी वरच्या ओळीवर लिहिलं, लाभ.
त्यापुढे कुठला आकडा घ्यावा
चिंचोक्याचा, ते सुचेना.
पंख्याने कागद फडफडायला लागला
तशी त्यांनी कोपऱ्यावर तळहात ठेवला
आणि तो तसाच दाबून धरला.
तळहाताचं वजन
मी हिशोबात घेतलं नाही.