बैसा

सिनावच्या बाजारात गुरुवारी पहाटे
उंट उतरतात, शेळ्या उतरतात,
आणि पिकअपमधून मी उतरतो,
हातात मोजपट्टी, खिशात पावतीबुक,
मस्कतच्या शोरूमचा माणूस.

घनीमा भिंतीला टेकून बसलेली असते.
चोचीसारखा पुढे आलेला काळा बुरखा,
पुढ्यात गुंडाळी:
उंटाच्या पोटाखालून आवळायचा पट्टा,
शेळीच्या केसांचा, सात हात लांब.
आता उंट टोयोटातून जातात.
पट्टा हॉटेलवाले भिंतीला लावतात.

मी गुंडाळी उलगडतो, पालथी करतो,
अंगठ्याने वीण चाचपतो
आणि अंगठा तिथेच थबकतो,
कारण हे चाचपणं माझं नाही.
मोखाड्याच्या आठवडेबाजारातल्या कांतीशेटचं आहे.
आबाची सुपं तो अशीच पालथी घालायचा,
बोटाच्या पेराने टकटक करायचा,
कामट्या हिरव्या आहेत म्हणायचा,
डझनामागे एक सूप फुकटात काढून घ्यायचा.
आबा हसायचा.
कांतीशेटपेक्षा मला त्या हसण्याचीच
अजून जास्त चीड येते.

मालकाने सांगून ठेवलंय:
रेघ वाकडी असली की दोन रियाल काप.
आज वाकडी आहे.
तिसऱ्या हातावर पांढरा धागा
पाऊलभर डावीकडे जाऊन परत आलाय.
मी बोट ठेवतो.
"त्या दिवशी वारा होता," ती म्हणते,
जरा थांबून, "आणि शेळी व्यायली."
एवढी अरबी मला कळते.

इथे पैशाला बैसा म्हणतात.
हजार बैशांचा एक रियाल.
विमानतळावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं
कुणीतरी मला म्हणतंय: बैसा, दमला असाल.
चार वर्षं झाली. कुणी म्हटलं नव्हतं.
आज आपणच बसतो, वाळूत, मोजपट्टीवर.

ती फडक्यातून हरणाचं शिंग काढते,
टोकाशी पिवळं पडलेलं, सासूकडून आलेलं,
आणि धागा कसा ठोकून बसवायचा ते
हवेतच दाखवते, माग नसताना.
आबाच्या कोयत्याची मूठ अशीच झिजली होती.
दुसऱ्या कुणाच्या हातात ती बसायचीच नाही.
माझ्याही नाही.

मी पावतीवर अठ्ठावीस लिहितो. कापत नाही.
यात काही शौर्य नाही,
दोन रियाल माझ्या पगारातून जातील.
मग पेनाचं टोपण लावता लावता
सांगायचं नसतं ते सांगून टाकतो:
मस्कतला याची चिठ्ठी एकशे दहाची.
अरबीत चूक नको, म्हणून बोटांवर दाखवतो,
दहा बोटं, अकरा वेळा.

ती काही बोलत नाही.
शिंग फडक्यात गुंडाळते, गाठ मारते.
त्या गाठीवर आणखी एक.

पुढच्या गुरुवारी भिंतीपाशी चौघी आहेत.
चौघींची गुंडाळी मांडीखाली,
चौघींचा आकडा सत्तर,
आणि पालथं करून बघू द्यायला कुणी तयार नाही.
मी मालकाला फोन लावतो.
तो ओरडतो. कुणी शिकवलं त्यांना, विचारतो.
मी फोन कानापासून लांब धरतो,
त्यांनाही ऐकू जावं म्हणून.
घनीमाचे डोळे बुरख्यामागे बारीक होतात.
हसली असावी, पण आबासारखं नाही.

रात्री खोलीवर, वरच्या बाजेवर आडवा होऊन
चांगुणाला फोन करतो.
आबा गेल्यापासून सुपं तीच विणते.
"कितीला देतेस गं?"
"ऐंशीला. शेटचा पोरगा नेतो."
"शहरात लोक सूप भिंतीला टांगतात, ठाऊक आहे?
नऊशे रुपये मोजून."
पलीकडे कामटी सोलल्याचा आवाज थांबतो.
कुत्रं भुंकतं, गाडी जाते,
माझा बॅलन्स संपत येतो.

"भितीला?" ती म्हणते.
"मंग पाखडत्यात कशात?"