लाल धुळीचं साल

मोखोतलोंगच्या टपाल कचेरीत
माझ्याकडे एक कोरी वही आली.
नाव, गाव, अंगठा, वय.
वयाचा रकाना सगळ्यात अरुंद
आणि सगळे तिथेच अडकायचे.

सत्तर पूर्ण झालेल्यांना
सरकार दरमहा पैसे देणार होतं.
राजधानीत ठरलं, रेडिओने सांगितलं,
डोंगरावर ते पोचलं तेव्हा
लोक म्हणाले, निवडणूक आली असेल.

जन्माचे दाखले नव्हतेच कुणाकडे.
म्हणून वरून एक टंकलिखित कागद आला,
कोपऱ्यात चहाचा डाग:
टोळ आले ते साल.
लाल धूळ उठली ते साल.
मेंढरं उभीच्या उभी गोठली, त्या बर्फाचं साल.
प्रत्येकापुढे आकडा.
विचारा, तेव्हा तुम्ही केवढे होता?
असा मी माणसांची वयं
संकटांनी मोजायला शिकलो.

मामोलेफी आली, लोकरी ब्लँकेट पिनेने आवळून,
तट्टू बाहेर बांधून.
मागे एक नातू, पायात दोन वेगळे बूट.
सगळे तिला न्खोनो म्हणत, आजी.
लाल धूळ आठवते का, न्खोनो?
कशी आठवेल? मी पोटात होते.
आई सांगायची, पिठात धूळ, दुधात धूळ,
तू आधी शिंकलीस, मग रडलीस.

मी बोटांवर हिशेब केला.
दोन महिने कमी भरत होते.
रांग दाराबाहेर गेलेली.
मी सत्तर लिहून टाकलं.
काय लिहिलंस, तिने विचारलं.
सांगितलं.
खोड, म्हणाली.
वही नवी आहे. माझ्या नावाने तिला खोटं शिकवू नकोस.
चिमूटभर तपकीर ओढून
ती आली तशी निघून गेली,
पाच तासांची वाट.

दोन महिन्यांनी अंगठा दिला.
नोटा मी दोनदा मोजल्या, तिने एकदा.

पुढच्या वाटपाच्या दिवशी
रुमालाची गाठ सोडून
तिने त्याच नोटा माझ्यापुढे ठेवल्या,
घडीसुद्धा माझीच.
व्याज किती झालं?

माझ्याकडे देण्याची वही होती,
परत घेण्याची नव्हती.
न्खोनो, हे उसनं नाही.
मग काय, दान?
तिचा आवाज चढला.
मुलगा खाणीत गेला तेव्हा
कंपनीने पिठाची पोती धाडली होती,
तीही ठेवली नाहीत मी.

परिपत्रकात यासाठी एक शब्द होता,
इंग्रजी, साबणासारखा गुळगुळीत,
माझ्याच हातातून निसटणारा.
मी दुसरीकडून गेलो.
न्खोनो, तुम्ही काडेपेटी घेतलीत, साखर घेतलीत,
ब्लँकेट घेतलंत,
दर वेळी त्यातलं थोडं सरकारकडे गेलं.
चाळीस वर्षं, पन्नास वर्षं.
ते हे.

ती गप्प राहिली.
बाहेर तट्टाने दोनदा खूर आपटला.
म्हणजे तू माझा देणेकरी?
मी नाही, सरकार.
सरकार मला कुठे दिसतंय? तू दिसतोस.
नोटा उचलून तिने रुमालात बांधल्या,
या वेळी गाठ सैल.
आणि दारातून वळून, सगळ्या रांगेदेखत:
मग सांग, व्याज किती झालं?

रांगेतल्या एका म्हाताऱ्याला हसता हसता ठसका लागला.
पण बाकीचे हसले नाहीत.
ते माझ्याकडे बघत होते.

पुढे रक्कम वाढली, दोनदा,
दोन्ही वेळा निवडणुकीच्या तोंडावर.
पोराच्या पायात एकसारखे बूट आले, एक नंबर मोठे.
पैसे आणणारी जीप कधी दरीत अडकायची
आणि लोक उन्हात बसून राहायचे,
पण आता ते मला ओरडायचे.
आधी ओरडत नसत.

माझ्याकडे दाखला आहे, शिक्क्याचा,
तारखेसकट.
तरी कुणी वय विचारलं की तोंडून हेच येतं:
मामोलेफीने व्याज मागितलं
त्या साली मी एकतीसचा होतो.